भूमी, भूमि आणि मालूबाईचं बरड

आमच्या भूमी संवर्धन समितीला खरोखरीची जमीन मिळणार, हे कळलं तेव्हा संचालक मंडळाच्या बैठकीत जी शांतता पसरली, तशी मी शोकसभेतसुद्धा कधी अनुभवलेली नाही.

नऊ वर्षं आम्ही जमीन वाचवत होतो, पण जमिनीवाचून. पोस्टरं लावायची, शाळांमध्ये भाषणं द्यायची, जुलैत झाडं लावायची आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत दुसरी झाडं लावायची. मंडळ सात जणांचं, सगळे मानद. संस्थेला मार्गदर्शन करणे, असं आमच्या घटनेत मंडळाचं काम लिहिलेलं आहे. ते आम्ही इतक्या निष्ठेने करतो की दर बैठकीत सातही जण मार्गदर्शन करतात आणि ते घ्यायला समोर कोणीच नसतं. मी सचिव. कॉलेजात ग्रंथपाल असल्यामुळे माझं अक्षर चांगलं असणार, असा सगळ्यांचा समज झाला आणि मला वेळेवर नाही म्हणता आलं नाही.

तर एप्रिलमधल्या एका शनिवारी, सरकारी कागद हिंदीत निघणाऱ्या आमच्या सीमेवरच्या गावात, राजपुरा भागातल्या दगाभाऊंच्या केळीच्या आडतीत, आम्ही पंख्याखाली बसलो होतो. दगाभाऊ अध्यक्ष. आवाज असा की आडतीत बोलले तर बाहेरचा ट्रक मागे सरकतो. तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी राहिली. नऊवारी लुगडं, हातात काठी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा.

"इथीच जमीन वाचवतात का?" तिने विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न आम्हाला इतक्या थेट कोणी विचारला नव्हता.

"हो हो, या ना मावशी," तृप्ती मॅडम म्हणाल्या. या वनस्पतिशास्त्र शिकवतात. मंडळात ज्यांना विषयाची माहिती आहे अशा त्या एकट्याच, म्हणून त्यांचं कोणी ऐकत नाही.

"मी मालूबाई. जसोंडीची. माह्यं चार एकराचं बरड हाये. ते तुमाले देते. पन हाये तसंच ठेवा लागीन."

बरड म्हणजे दगडगोट्यांचा, गवताचा माळ. चहूबाजूंनी केळी, मध्ये हा उघडा तुकडा. मालूबाईचा पुतण्या गोटू दहा वर्षांपासून म्हणत होता की काकू, सपाट करू, नळ्या टाकू, केळी लावू. गोटूही काही वाईट माणूस नव्हता. पण मालूबाईला ते नको होतं.

"कशासाठी ठेवता मग?" चंदन वकिलांनी विचारलं. मंडळातले कायदेशीर सल्लागार. घरी भाजी आणली तरी अटी आणि शर्ती विचारतात.

मालूबाई म्हणाली, "सगळीकडे केळीच केळी झाली बाप्पा. डोक्याच्यावर पानं. मान्साले उभं राहून लांब पाहाले एक जागा लागते का नाही?"

यावर कोणालाच मार्गदर्शन सुचलं नाही.

तिची अडचण अशी होती की पुढच्या शनिवारी ती रावेरला लेकीकडे जाणार होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. दोन महिने तरी मुक्काम. "शुक्रवारपर्यंत कागद करा. नाही झाला तं गोटू हायेच. माही पाठ फिरली का तो मशीन लावीन. मंग मी डोळे नवे करून पाहू काय?"

ती गेली आणि आडतीत एकच गलका झाला. दगाभाऊ म्हणाले, भव्य प्रवेशद्वार. रितेश (याचं शनवारा भागात फ्लेक्सचं दुकान आहे) म्हणाला, सेल्फी पॉइंट तो बनता ही है. चंदन वकील म्हणाले, आधी ठराव. तृप्ती मॅडम म्हणाल्या, "अहो, ती म्हणाली आहे तसंच ठेवा." त्यावर दगाभाऊ म्हणाले, "मॅडम, तसंच तर ठेवायचंय, पण जरा व्यवस्थित करून."

आणि हे सगळं शुक्रवारपर्यंत कोणी करायचं? सातही बोटं माझ्याकडे वळली. त्यात सवयीने माझंही एक होतं.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. मला काम दिलं की बसवत नाही, आणि काम दिलं नाही तर उभं राहवत नाही. रविवारी दिवसभर मी घरात बैठकीपासून गच्चीपर्यंत आणि गच्चीपासून बैठकीपर्यंत हिंडत होतो. सरकारी कार्यालय सोमवारी उघडतं यात माझी काय चूक? शेवटी आमची सुलभा म्हणाली, "अहो, बसा हो. पंखा थांबवला तरी तुमच्यामुळे वारा येऊन राहिला."

आमच्या मोहल्ल्यात, लोधीपुऱ्यात, बातमी पसरायला रविवार पुरला. समोरच्या आशाबाई म्हणाल्या, "भाऊजी, चार एकर म्हणजे लग्नाला चांगली जागा. आमच्या भूमिकाचं डिसेंबरात करायचं आहे." वरच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर म्हणाले, "कंपाउंड टाका. कंपाउंड नाही तर जमीन नाही." कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने साखर बांधता बांधता सुचवलं, "सर, एक छोटा मंदिर डाल दो. फिर कोई माई का लाल हाथ नहीं लगाएगा." एकाने तर मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून विचारलं, "प्लॉट पाडाल तेव्हा कॉर्नरचा आपल्याला. घरातली गोष्ट आहे." प्लॉट पडू नयेत म्हणूनच समिती आहे, हे मी त्याला दहा मिनिटं समजावलं. सगळं शांतपणे ऐकून तो म्हणाला, "बरोबर. सगळ्यांना असंच सांगा."

सोमवारी सकाळी मी फाईल घेऊन खिडकीवर हजर झालो. कोणत्या खिडकीवर ते सांगत नाही. मला त्या गावात राहायचं आहे. खिडकीतल्या बाबूंनी नोंदणीचं प्रमाणपत्र पाहिलं, मग ठरावावरचा शिक्का पाहिला, मग पुन्हा प्रमाणपत्र. मग चष्मा काढून पुसला. सरकारी माणसाने चष्मा पुसला की समजावं, आजचा दिवस गेला.

"सर, ये तो दो अलग-अलग संस्था हैं."

"कैसे?"

"प्रमाणपत्र में 'भूमि' है. छोटी इ. आपकी सील में 'भूमी' है. बड़ी ई."

तो दीर्घ ई माझाच होता. नऊ वर्षांपूर्वी शिक्का करून देणाऱ्याशी मी अर्धा तास भांडलो होतो. तो म्हणत होता, साहेब, कागदावर छोटी आहे. मी म्हणालो होतो, कागद हिंदीत आहे, शिक्का मराठीत आहे, आणि मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ असतो. मी ग्रंथपाल आहे. माझ्या डोळ्यांदेखत ऱ्हस्व भूमि होऊ देणार नाही.

तेच सगळं मी बाबूंना सांगितलं. व्याकरणाच्या नियमासकट. पाठीमागच्या रांगेतला एक शेतकरी म्हणाला, "गुरुजी, शाळा सुटल्यावर शिकवा ना."

बाबू सज्जन होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बहुत अच्छा समझाया. एक शपथपत्र बनवा लाइए, कि दोनों एक ही हैं."

शपथपत्र म्हणजे चंदन वकील. त्यांनी मजकूर सांगायला मंगळवार घेतला, कारण 'भूमि' आणि 'भूमी' एकच आहेत की 'एकच समजण्यात याव्यात' याबद्दल त्यांच्या मनात शंका होती. बुधवारी टंकलेखन झालं. टाइप करणाऱ्याने मला कागद दिला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, "सर, एक जगह गलती थी, मैंने ठीक कर दी."

मी वाचलं. 'शपथपूर्वक कथन करता हूँ कि भूमि संवर्धन समिति एवं भूमि संवर्धन समिति एक ही संस्था हैं.'

वर नोटरीचा शिक्काही बसला होता आणि नोटरी खंडव्याला निघून गेले होते. शुक्रवारी सकाळपर्यंत येणार नव्हते. मी तो कागद हातात धरून झाडाखाली उभा राहिलो. भर उन्हात माणूस आपल्याच नावाने शपथ घेऊन सांगतो की मी म्हणजे मीच, आणि तरी त्याला खात्री वाटत नाही, अशी माझी अवस्था झाली होती. सुलभेला फोन केला. ती म्हणाली, "जेवायला या. भूमी कुठे जात नाही."

भूमी जाणारच होती, हे तिला कुठे माहीत होतं? मलाही नव्हतं.

गुरुवारी साडेदहाला कॉलेजात तृप्ती मॅडमचा फोन. आवाज बारीक झालेला.

"सर, जसोंडीच्या रस्त्याला जेसीबी चाललाय. त्याला आपलाच फ्लेक्स बांधलाय. 'भूमी बचाओ'."

"आपला? कोणी पाठवला?"

"दगाभाऊंनी. शुक्रवारी कागद झाले की कार्यक्रमाला पाहुणे येतील म्हणून जागा साफ करायला सांगितलंय."

मी ग्रंथालयाचं दार लावलं. आत दोन विद्यार्थी होते, हे मला जसोंडीत गेल्यावर आठवलं. स्कूटर काढली. ऊन असं की हँडलला हात लावला की हात मागे यायचा. वाटेत केळीचे ट्रक, त्यांच्यामागे मी, माझ्या तोंडावर केळीची पानं. दगाभाऊंना पाच फोन केले. लिलाव चालू होता. सहाव्याला त्यांनी उचलला आणि "हो हो, लोड करून टाका" म्हणून ठेवून दिला.

बरडावर पोहोचलो तेव्हा मशीनने काम सुरू केलेलं होतं. एका कडेने वीस-पंचवीस फुटांचा पट्टा खरवडला गेला होता. वाळकं सोनेरी गवत, त्याची मुळं, दगड, सगळं एका ढिगात. मी भूमी संवर्धनावर किमान चाळीस भाषणं दिली असतील, पण खरवडलेली जमीन इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. ओलसर नाही, काळी नाही, नुसती फिकट आणि उघडी. मी ढिगातली एक मुळी उचलून खिशात टाकली. वयामुळे असेल.

मी हात पसरून मशीनसमोर उभा राहिलो. चालकाने इंजिन हळू केलं.

"हटिए सर, काम है."

"बंद करो! हे समितीचं काम आहे!"

"वही तो. समिति ने ही भेजा है."

"मीच समिती!"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आप अकेले?"

इथे माझ्या प्रामाणिकपणाने घात केला. "नाही, सात जण."

"तो बाकी छह का क्या कहना है?"

या प्रश्नाला आमच्या नऊ वर्षांच्या इतिवृत्तात उत्तर नव्हतं. तो पुन्हा इंजिन वाढवणार, एवढ्यात मला काय सुचलं कोण जाणे, मी समोरच्या लोखंडी सुपात जाऊन बसलो. ते सूप जमिनीपासून हातभर वर होतं. तापलेलं इतकं की मी अर्ध्या क्षणात उठलो, शपथपत्राची फाईल खाली ठेवली आणि तिच्यावर बसलो.

चालक हसला नाही, रागावलाही नाही. "सर, गिर जाएँगे, पीछे होकर बैठिए," म्हणाला. मी मागे सरकताना माझा पाय घसरू लागला, म्हणून त्याने सूप जरा वर वळवलं. जरा म्हणता म्हणता मी माणसाच्या छातीइतक्या उंचीवर गेलो. मग त्याने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि "मालिक का फ़ोन आएगा तब देखेंगे" म्हणून सावलीच्या शोधात निघून गेला.

उतरावं तर उडी मारावी लागणार, आणि माझ्या गुडघ्यांनी उडीचा विषय पंधरा वर्षांपूर्वी बंद केलेला. भूमी संवर्धन समितीचा मानद सचिव जमिनीपासून चार फूट वर, जेसीबीच्या सुपात, मांडीखाली शपथपत्र घेऊन बसला होता आणि एक टिटवी त्याच्या डोक्यावरून ओरडत फेऱ्या मारत होती. पक्ष्याने तरी बोलू नये असं वाटत होतं.

पहिला आला रितेश. त्याने मला उतरवायच्या आधी फोटो काढला. "सर, स्माइल." दोन मिनिटांत तो ग्रुपवर गेला, खाली लिहिलेलं, 'आपले सचिव स्वतः मैदानात!' त्याच आठवड्यात बाहेरगावी मुलाकडे गेलेल्या एका संचालकाने लगेच हात जोडल्याचं चित्र टाकलं. फोटो सुलभेपर्यंतही पोहोचला; तिने मला फक्त प्रश्नचिन्ह पाठवलं.

मग आली मालूबाई. काठी टेकत, धापा टाकत. तिने आधी खरवडलेला पट्टा पाहिला. खाली वाकून मातीला हात लावला. मग सुपाजवळ आली. तिचा चेहरा आणि माझा चेहरा बरोबर समोरासमोर होता.

"गोटूच्या आधी तुमीच लावली का मशीन?"

"मालूबाई, मी थांबवायला आलो."

"कोनं पाठवली?"

"आमच्या अध्यक्षांनी."

"अन् थांबवाले कोनी पाठवलं?"

"कोणी नाही. मीच आलो."

तिने हाताची माती लुगड्याला पुसली. मला तिच्याकडे बघवेना. सात सुशिक्षित माणसं, नोंदणीकृत संस्था, आणि या बाईला दिलेला एक शब्द आम्हाला पाच दिवस सांभाळता आला नाही. मी म्हणालो, "तुम्ही गोटूलाच द्या. तो निदान खोटं तरी बोलत नाही." हे मी सचिव म्हणून बोललो की माणूस म्हणून, मला सांगता येणार नाही. ठराव झालेला नव्हता.

तेवढ्यात दगाभाऊंची गाडी आली. पांढरेशुभ्र कपडे, मागे तृप्ती मॅडम आणि चंदन वकील. दगाभाऊ दुरूनच गरजले, "सर! तुम्ही तिथे काय करता?"

"विरोध!" मी म्हणालो.

"कोणाचा?"

"तुमचा!"

मंडळात नऊ वर्षांत पहिल्यांदाच कोणी कोणाला विरोध केला होता. दगाभाऊ तरातरा पुढे आले आणि तृप्ती मॅडम किंचाळल्या, "भाऊ, पाय! पाय!"

दगाभाऊ एका पायावर थांबले. त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर, खडकाळ मातीत, दगडांसारखीच दिसणारी ठिपक्यांची चार अंडी होती. टिटवीची. मशीनचं मागचं चाक तिथून दोन हात लांब.

दगाभाऊ एका पायावर तसेच उभे राहून अंडी पाहत राहिले. मग हळूच खाली बसले. तो आवाज, तो दरारा, सगळं कुठे गेलं कळेना. "चार," ते म्हणाले. "चारही टोकं खाली. आमचा बाप म्हणायचा, टोकं खाली म्हणजे चारही महिने पाऊस." मग मालूबाईकडे न पाहता म्हणाले, "मावशी, मला वाटलं नुसतं गवत आहे. साफ केलं तर बरं दिसेल."

"नुसतं गवतच हाये," मालूबाई म्हणाली. "मी तरी काय म्हनली व्हती?"

आता मशीन बाहेर काढायचं होतं, अंडी न फोडता. चालक आला, बसला, आणि इथे आमच्या मंडळाने आपलं घटनादत्त कार्य सुरू केलं. दगाभाऊ, "आन दे, आन दे!" चंदन वकील, "थांबा, उजवीकडे, माझ्या उजवीकडे!" रितेश, "भैया, थोड़ा कट मारो!" तृप्ती मॅडम, "अहो, आधी सरांना उतरवा!" मी सुपातून, "मागे! मागे!" चालकाने दोन्ही हात चाकावरून काढले आणि म्हणाला, "पहले आप लोग तय कर लो."

मालूबाईने काठी जमिनीवर आपटली. "चूप! सगळे चूप बसा!"

आम्ही चूप झालो. टिटवीसुद्धा क्षणभर थांबल्यासारखी वाटली. मालूबाई अंड्यांपाशी जाऊन उभी राहिली, काठी आडवी धरली आणि मोतीबिंदू झालेल्या त्या डोळ्यांनी चाकाकडे पाहत म्हणाली, "ये. अजून. अजून ये. बस. आता तिकडं." पाच मिनिटांत मशीन वाटेवर होतं. मग चालकाने मला अलगद खाली ठेवलं, पोतं ठेवावं तसं.

मालूबाई आमच्याकडे वळली. "देते मी जमीन. पन तुमच्या त्या मंडळात मले घ्या."

चंदन वकील खाकरले. "घटनेप्रमाणे सातच सदस्य. कोणीतरी राजीनामा द्यावा लागेल." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांची इतिवृत्तं, माझं अक्षर, तापलेल्या लोखंडावरचं माझं बलिदान, कशाचीही कोणाला आठवण नव्हती. मी खिशातलं पेन काढलं.

"याले राहू द्या," मालूबाई म्हणाली. "हा कामाचा हाये."

हात जोडल्याचं चित्र टाकणाऱ्या संचालकाने फोनवरच राजीनामा दिला. त्याला बहुधा वाटलं की आपण अभिनंदन स्वीकारतो आहोत.

शुक्रवारी सकाळी मी मालूबाईला घेऊन खिडकीवर गेलो. नोटरी खंडव्याहून परतले नव्हते. दुसरं शपथपत्र नव्हतं. चुरगळलेलं, माझ्या बैठकीचा ठसा उमटलेलं पहिलंच पुढे सरकवलं आणि डोळे मिटले. बाबूंनी ते मोठ्याने वाचलं. "भूमि संवर्धन समिति एवं भूमि संवर्धन समिति एक ही संस्था हैं." त्यांचा हात चष्म्याकडे गेला आणि परत आला. "बिल्कुल. इसमें तो कोई शंका ही नहीं." आणि शिक्का मारला. त्या क्षणी मी मराठी शुद्धलेखनावरची निष्ठा बाजूला ठेवून गप्प बसलो. देवाला आणि व्याकरणाला याचा हिशेब मी नंतर देईन. दुपारपर्यंत दानपत्रावर मालूबाईचा अंगठा उमटला आणि शनिवारी ती रावेरला गेली.

जुलैत ती परत आली. डोळ्यांवर नवा काळा चष्मा. मंडळाची बैठक बरडावरच झाली, सतरंजी टाकून. खरवडलेल्या पट्ट्यात कोवळं गवत उगवलं होतं. दगाभाऊंनी प्रवेशद्वाराचा विषय काढला, पण अर्ध्या आवाजात. रितेशने फलकाचं माप विचारलं. चंदन वकिलांना कुंपणाचा मसुदा वाचायचा होता. मालूबाईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "लिही. इथी कोनी काही करू नये."

"एवढंच?"

"एवढंच."

तृप्ती मॅडमनी अनुमोदन दिलं. ठराव एकमताने मंजूर झाला. त्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी अर्थातच सचिवाकडे आली.

तेव्हापासून दर रविवारी मी जसोंडीला जातो आणि कोणी काही केलेलं नाही ना, ते पाहतो. हे वाटतं तितकं सोपं नाही. हात शिवशिवतात. एखादा दगड सरळ करावासा वाटतो, एखादी फांदी बाजूला सारावीशी वाटते. मालूबाई काठीवर हनुवटी टेकून लांब डोंगरांकडे पाहत बसते आणि मध्येच म्हणते, "बस ना बाप्पा जरा." मी बसतो, उठतो, पुन्हा बसतो.

परवा घरी आलो तो घामाने भिजून, पाय ओढत. सुलभेने पाण्याचा तांब्या हातात दिला.

"काय केलं आज तिथे?"

"काही नाही."

"मग एवढे दमलात कशाने?"

"सांगितलं ना," मी म्हणालो, "सकाळपासून तेच करतोय."